थेडा बूकहॉफची विचारपूस

थेडा बूकहॉफ दिवसा लेअर गावच्या स्टेशनजवळच्या दुकानात लोकांच्या कानात श्रवणयंत्रं बसवून देते आणि संध्याकाळी, उत्तर न देणाऱ्या माणसांना पत्रं लिहिते. पहिल्या कामाचा तिला पगार मिळतो. दुसऱ्याचं काहीच मिळत नाही, उलट अधूनमधून शिव्या मिळतात. पण तिला तिच्या कामाबद्दल विचारलंत तर ती दुसऱ्याबद्दलच सांगत बसेल आणि तुमचा चहाचा तिसरा कप झाला तरी तिचं संपायचं नाही. मी तिला वीसएक वर्षं ओळखतो. बाई चौकस आहे. आमच्यातले काही जण म्हणतात, नको इतकी चौकस आहे, आणि ते म्हणणारे बहुतेक तिची पत्रं आलेलेच लोक असतात.

पत्रं कोणाला, हे कळायला आमच्या मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. किबिट्झ हे आमचं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी मोफत प्रणाली. लिनक्स तसं सगळ्या जगाचं, पण ते गोळा करून, तपासून, त्यातले हजारो प्रोग्रॅम एकमेकांच्या उरावर बसणार नाहीत असं बघून लोकांच्या संगणकात पोचवणारी मंडळं वेगवेगळी असतात. आमचं त्यातलं एक, लहान आणि भांडकुदळ. प्रत्येक प्रोग्रॅमचं आम्ही एक पॅकेज बांधतो. त्यावर लिहिलेलं असतं की याला कोण सोबत लागतं आणि याचं कोणाशी पटत नाही. आणि प्रत्येक पॅकेजला एक पालक असतो. एकच. दुसऱ्याच्या पॅकेजला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही आमच्याकडची सगळ्यात जुनी रीत. फारच अडलं तर दुरुस्ती करून ती रांगेत ठेवायची आणि पालकाला नाही म्हणायला पुरेसा वेळ द्यायचा. माझ्याकडे तीन फाँट आणि पत्त्यांचा एक खेळ आहे. माझ्या खेळाला परस्पर कोणी हात लावला तर मी काय करीन ते मलाही माहीत नाही.

आता हे पालक सगळे फुकट काम करणारे. कोणाला मूल होतं, कोणाची नोकरी जाते, कोणी नुसताच कंटाळतो. पॅकेज शिळं व्हायला लागतं. तेव्हा थेडा लिहिते. तीन पत्रांचा नियम आहे: तीन पत्रांना उत्तर आलं नाही तर पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करायचं, म्हणजे दुसरं कोणी ते दत्तक घेऊ शकतं. तिच्या आधी हे काम करणारा माणूस पहिल्या ओळीतच नियम ऐकवायचा. थेडाच्या पहिल्या पत्रात पॅकेजचं नावसुद्धा नसतं. ‘बरेच दिवसांत तुमचं काही कळलं नाही. बरे आहात ना?’ एवढंच.

आणि उत्तरं काय एकेक येतात. पोर्टोचा एक जण मठात राहायला गेला होता आणि मठाच्या संगणकावर किबिट्झ घालायची परवानगी मिळते का याची वाट बघत होता. टार्टूची एक बाई कोणीतरी तिच्या प्रोग्रॅमचं चित्र बदललं म्हणून रुसून बसली होती, आणि आपण रुसलोय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही म्हणून तिचा राग वाढतच गेला होता. एकदा उत्तर एका आईचं आलं. मुलगा वसंतात गेला, पॅकेज म्हणजे काय, ते कुठे पाठवायचं होतं का, असं तिने विचारलं होतं. थेडाने तिला पॅकेज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अजून नाताळाला त्यांची एकमेकींना कार्डं जातात.

“ऐकू येत नाही म्हणून गप्प असलेला माणूस आणि ऐकू येऊनही गप्प असलेला माणूस, मला बरोबर ओळखता येतो,” असं ती म्हणते. हाब्बो म्हणतो, बढाया मारते.

हाब्बो राइकेना आउरिखचा, निवृत्त सर्वेक्षक, आमच्या नियमसमितीचा प्रमुख. मंडळाचे निम्मे नियम त्याने लिहिले आणि उरलेले निम्मे त्याला पाठ आहेत. त्याची श्रवणयंत्रं थेडाच्याच दुकानातली. वाद रंगात आला की तो ती काढून खिशात ठेवतो.

दर फेब्रुवारीत आमची कोबीची पायपीट असते. गळ्यात दोरीने बांधलेले छोटे पेले, पुढे हातगाडीवर श्नाप्स या कडक दारूच्या बाटल्या, बांधाबांधाने तीन तास चालायचं आणि शेवटी खानावळीत हिवाळी कोबी आणि पिंकेल नावाचे सॉसेज. त्या वर्षी सीत्स्के आली होती. ग्रोनिंगेनची, सरहद्दीपलीकडची, तिशीही न गाठलेली आणि जिभेला हाड नसलेली. तिने महिनाभर आधी एक ठराव टाकला होता: पालक ही भानगडच बंद करा. पॅकेजं सगळ्यांची. कोणत्याही सभासदाने कोणत्याही पॅकेजमध्ये दुरुस्ती करावी, बाकीच्यांनी नजर ठेवावी. त्यावरून आमच्या पत्रव्यवहारात जी आग लागली ती काही विझायला तयार नव्हती. शेकड्यांनी निरोप. पत्त्यांच्या खेळामुळे मी कोणत्या बाजूला होतो ते सांगायला नको.

बांधावर वारा असा होता की हातगाडी मागे ढकलली जात होती. हाब्बो आणि सीत्स्के दोघंही ती ओढत होते आणि भांडत होते.

“सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही,” हाब्बो म्हणाला. “आमच्या आउरिखच्या सामाईक मोरीसारखं होईल. तुंबली की जो तो शेजाऱ्याकडे बघतो.”

“आणि आत्ता काय होतं? मोरीवर एका म्हाताऱ्याचं नाव असतं, आणि तो मायोर्काला सुट्टीवर गेलेला असतो.”

“एनोकडे बघ. एनो टेरवेर. इतकी वर्षं झाली, एक अपडेट उशिरा नाही. एक. नावाची लाज असते ना, ती अशी. तुझ्या त्या सगळ्यांना कसली लाज?”

एनोचं नाव हाब्बो या वादात पहिल्यांदा घेत नव्हता. त्याच्या प्रत्येक निरोपात एनो असायचाच. एनो एम्स नदीवरच्या फेरीबोटीवर इंजिन बघायचा, राहायचा डिट्सुमला, आणि किबिट्झमधलं सगळ्यात नाजूक पॅकेज त्याच्याकडे होतं: बाकीची पॅकेजं उघडून पसरवणारा छोटा प्रोग्रॅम. तो बिघडला तर काहीच उघडत नाही, त्याची स्वतःची दुरुस्तीसुद्धा. त्यात कोणी वाईट हेतूने काही घुसवलं तर किबिट्झ वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरात शिरेल. अशा जागी एनोसारखा माणूस आहे म्हणून आम्ही निवांत झोपतो, हे हाब्बोचं म्हणणं खोटं नव्हतं.

थेडा माझ्याशेजारून चालत होती. तिने खिशातून खारट ज्येष्ठमधाची गोळी काढून तोंडात टाकली आणि म्हणाली, “या भांडणात एनो काय म्हणाला?”

“काही नाही म्हणाला बहुतेक.”

“तेच. मागे नुसत्या बटणाच्या जागेवरून त्याने आम्हाला आठवडाभर सळो की पळो करून सोडलं होतं. आणि आता पालकच नकोत म्हणतात, तर हा गप्प? आणि पायपिटीलाही नाही. गेल्या वर्षीही नव्हता.”

“पाठ दुखते म्हणून कळवलं होतं की.”

“दोन वर्षं?”

खानावळीत तिने हाब्बोला विचारलं, एनोला पत्र लिहू का. हाब्बोने सुरी खाली ठेवली. “ज्याचं काम थांबलंय त्याला लिहायचं, असा नियम आहे. ज्याचं काम घड्याळासारखं चालू आहे त्याला ‘बरा आहेस ना’ विचारणं म्हणजे अपमान आहे. उद्या मलाही विचारशील.”

“विचारीन की. बरा आहेस ना, हाब्बो?”

“कोबी खा,” हाब्बो म्हणाला.

तिने पत्र लिहिलं नाही. नियम म्हणजे नियम. पण फोन लावायला नियम आड येत नव्हता. तो कोणी उचलला नाही. आमच्याकडे न बोलावता कोणाच्या दारात जाऊन उभं राहत नाहीत, शेजारीसुद्धा आधी कळवतात. म्हणून थेडा दोन आठवडे तळमळली आणि मग एका शनिवारी दुकान बंद करून माझ्याकडे आली. तिच्याकडे गाडी नाही.

“डिट्सुमला खेकडे छान मिळतात म्हणे,” ती म्हणाली.

“तुला खेकडे आवडत नाहीत.”

“तुला आवडतात. चल.”

दार एनोच्या बायकोने उघडलं. आल्मुट उंच, सडपातळ, हाताला पिठाचा वास. आम्ही कोण ते तिने लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. लपवलेली गोष्ट सापडल्यावर होतो तसा. एक क्षण मला वाटलं की दार बंदच होणार.

“मी पत्र घेऊन आलेली नाही,” थेडा म्हणाली. “नियमाने मला पत्र लिहिताच येत नाही. मला फक्त विचारायचं होतं, एनो बरे आहेत ना?”

आल्मुटने दार पूर्ण उघडलं. “चहा टाकते,” ती म्हणाली.

एनो खिडकीपाशी होता. उजवा हात मांडीवर, तिथेच ठेवलेला. तोंडाची एक बाजू थोडी झुकलेली. आम्हाला बघून त्याचे डोळे लकाकले आणि तो मोठ्याने म्हणाला, “नाही!”

मी चरकलो. आल्मुट म्हणाली, “घाबरू नका. तेवढाच शब्द राहिलाय त्यांच्याकडे. पक्षाघाताचा झटका आला त्याला दोन वर्षं होतील. बाकी सगळे शब्द गेले, हा एक राहिला. आनंद झाला तरी नाही, भूक लागली तरी नाही. माझ्या नावालाही नाहीच. खरोखर नाही म्हणायचं असलं तर मान हलवतात.”

“नाही,” एनो म्हणाला आणि हसला. समोरची खुर्ची त्याने डाव्या हाताने थापटली.

आम्ही बसलो. खडीसाखरेचा खडा कपात तडकला, वर सायीचा थेंब पडला. थेडाच्या मनात जे चाललं होतं तेच माझ्याही, पण विचारायची हिंमत तिचीच.

“आल्मुट, मग अपडेट कोण करतं?”

“आम्ही.”

“आम्ही म्हणजे?”

“मी वाचून दाखवते. वाचून म्हणजे, मला त्यातलं काय कळतंय. ओळ न ओळ बोट फिरवत जाते. चुकीचं असलं की ते टेबलावर ठोकतात. मग तिथे काय हवं ते शोधायचं, मी एकेक करून दाखवायचं, बरोबर आलं की त्यांनी मान डोलवायची. लोक तक्रारी पाठवतात, त्यांना उत्तरं मी लिहिते, त्यांच्या नावाने. कधीकधी दुपारभर एका ओळीवर बसतो. सुरुवातीला मला काहीच समजायचं नाही. आता चूक कुठे असेल ते आधीच वाटतं, पण ठोकेपर्यंत मी थांबते.” तिने थेडाच्या कपात पुन्हा चहा ओतला. “चुकलंय ना आमचं?”

चुकलं होतं. एक पॅकेज, एक पालक. परक्या हाताने काम करवून आपलं नाव घालणं हा आमच्याकडे साधा गुन्हा नव्हे. पण थेडाचा चेहरा पांढरा पडला होता तो त्याहून मोठ्या गोष्टीने. आमच्या प्रत्येक सभासदाची एक डिजिटल किल्ली असते, आणि ती फिरवायला एक परवलीचं वाक्य लागतं. किल्लीशिवाय कोणतंही पॅकेज आत जात नाही. ते वाक्य कोणालाही सांगायचं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. सांगितलं असं कळलं तर त्याच दिवशी सभासदत्व रद्द, आणि ते कळवायचं काम ज्याला कळलं त्याचं. दया-माया नाही, कारण एनोसारख्या जागेची किल्ली दोघांकडे असणं म्हणजे कोणाकडेही असणं.

“आणि परवलीचं वाक्य?” थेडाने विचारलं. तिने कप हातात घेतला नव्हता. “ते तुम्ही घालता?”

आल्मुट गोंधळली. “ते मला कुठून माहीत असणार?”

“मग?”

“ते तेच घालतात. मी खोलीबाहेर जाते. पहिल्यापासून तसंच आहे, त्यांना आवडत नाही कोणी बघितलेलं.” ती थांबली. “आजाराच्या आधी मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला काही झालं तर? तर आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी.”

माझा विश्वास बसला नाही, मी तसं बोलूनही दाखवलं. ज्याला बायकोचं नाव आठवत नाही तो एवढं मोठं वाक्य कसं लिहील? आल्मुट उठली, संगणक त्याच्यासमोर ओढला, एक छोटी दुरुस्ती तयारच होती. एनोने आम्हा तिघांकडे बघून डाव्या हाताने दाराकडे बोट केलं. आम्ही तिघंही निमूट बाहेर स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो.

आतून कीबोर्डचा आवाज येत होता. सावकाश नाही, अडखळत नाही. एका हाताने, पण सलग. थेडा ओट्याला टेकून ऐकत होती. तिचं कामच ऐकण्याचं. आवाज थांबला आणि मग शेवटचं एक बटण, जोरात.

“नाही!” आतून हाक आली.

“झालं,” आल्मुट म्हणाली.

बोटांना ते कसं आठवतं हे मी नंतर एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं, बोटांची आठवण निराळी असते. एवढ्याने माझं समाधान झालं नाही, पण त्यांचंही झालेलं दिसलं नाही.

परत खोलीत आल्यावर थेडा एनोसमोर बसली. “एनो, माझं काम काय आहे ते तुला माहीत आहे. पालक जागेवर आहे का, एवढं बघायचं. तू आहेस.” “पण बाकीचं हाब्बोला सांगायला लागेल. आल्मुटचं. मी सांगू?”

एनोने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हे खरोखरचं नाही होतं.

“त्याला कळलं तर तो येईल आणि कीव करणाऱ्या डोळ्यांनी बघेल,” आल्मुट हळूच म्हणाली. “हाब्बोचंच नाव निघालं की असं करतात. इथे उन्हाळ्यात किती वेळा जेवून गेलाय तो. फोनसुद्धा मी उचलायचा नाही असं यांनीच ठरवलं. आणि नियमाने काढून टाकलं तर यांच्याकडे काय उरतं? फेरी गेली. बोलणं गेलं. दुपारी हे एवढंच असतं.”

थेडाने चमचा कपात उभा ठेवला, म्हणजे आता चहा पुरे. मग विचार बदलून तो बाहेर काढला. “आणखी एक घेते,” ती म्हणाली. “आणि मला तुम्ही नको म्हणूस आता.”

येताना गाडीत मी म्हटलं, आपण वाईट कात्रीत सापडलोय. किल्लीचा नियम मोडला नव्हता. पण एक पालक हा नियम तिथे रोज दुपारी मोडत होता, आणि हाब्बो त्या नियमासाठी रोज एनोचंच नाव पुढे करत होता. मतदान पुढच्या महिन्यात. जुना नियम राहिला तर तोच नियम एक दिवस एनोच्या दारात जाणार.

“तू काय करणार?” मी विचारलं.

“एनोने नाही म्हटलंय.”

“त्याला तेवढंच म्हणता येतं.”

“मान हलवून म्हटलंय,” थेडा म्हणाली. पुढे लेअरपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. एवढी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि मला तिची काळजी वाटली.

तिच्यासाठी तो महिना वाईट गेला. लोक पत्रव्यवहारात एनोच्या नावाने एकमेकांची डोकी फोडत होते आणि ती वाचत होती. एकदा सीत्स्केने लिहिलं, ‘तुमचा हा एनो माणूस आहे की यंत्र? भांडणात एक शब्द बोलत नाही.’ थेडाने उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. मी विचारलं, काय लिहिणार होतीस. ती म्हणाली, “त्याच्याकडे एक आहे, असं लिहिणार होते.”

आमच्या मतपत्रिकेवर नेहमी एक जास्तीचा पर्याय असतो: ‘चर्चा पुढे चालू’. कुठलाच ठराव लोकांना पटला नाही तर तो जिंकतो. बाहेरचे लोक यावर हसतात. या विषयावर तो आधीही जिंकला होता, आणि त्याही वेळी जिंकला. हाब्बोचा जुना नियम हरला, सीत्स्केचा नवाही हरला, तोवर आहे तसंच चालू ठेवून बोलत राहा असं ठरलं. सीत्स्केने लिहिलं, ‘अभिनंदन मंडळी, आपण बोलण्यात पटाईत आहोत.’ इथपर्यंत सगळं नेहमीसारखंच.

पण आमच्याकडे मतमोजणी झाली की कोणी काय मत दिलं ते नावानिशी जाहीर होतं. एनो टेरवेरने पहिली पसंती दिली होती सीत्स्केच्या ठरावाला. पॅकेजं सगळ्यांची. म्हणजे त्याचं स्वतःचंही.

दुसऱ्या दिवशी हाब्बो दुकानात आला. मी तिथेच होतो, माझ्या आईच्या यंत्राची बॅटरी घ्यायला. त्याने श्रवणयंत्रं काढून काउंटरवर ठेवली, जणू बिघडली होती.

“त्याला काय झालंय?” तो म्हणाला. “मी इतके दिवस त्याच्यासाठी भांडलो. त्याच्या नावासाठी. आणि हा त्या पोरीला मत देतो? आपण त्याला काय कमी केलं?”

थेडाने यंत्रं उचलली, फुंकर मारली, पुसली, त्याच्या हातात दिली आणि कानाकडे बोट केलं. त्याने घातली.

“हाब्बो,” ती म्हणाली, “तू शेवटचं त्याच्याशी कधी बोललास?”

“बोलायची गरजच पडली नाही. काम वेळेवर येत होतं.”

“मी तसं विचारलं नाही.”

हाब्बो काउंटरवर वाकला. मग म्हणाला, “तुला काहीतरी माहीत आहे.”

“मला सांगता येत नाही. मला मनाई आहे. तुला विचारायला कोणाची मनाई आहे?”

“विचारायचं काय?”

“मी काय विचारते? बरा आहेस ना. तुझ्या नियमाने तो अपमान असेल, तर कर एकदा अपमान.” मग तिचा आवाज मऊ झाला. “तिथे गेलास की लगेच बोलायला लागू नकोस. आणि कीव करू नकोस. बाहेर जा म्हणाला तर बाहेर जा.”

तो गेला. मी न्यायला तयार होतो, पण त्याला बसच हवी होती. डिट्सुमला दोन तास लागले असतील त्याला. तिथे काय झालं ते मला आल्मुटकडून कळलं, आणि तेही पुष्कळ दिवसांनी. पहिला तास दोघं नुसते खिडकीतून बंदर बघत बसले. मग एनोने स्वतःच टेबल ठोकून आल्मुटला बोलावलं आणि हाब्बोसमोर एक अख्खी दुरुस्ती करून दाखवली. बोट, ठोका, मान. वाक्य घालायच्या वेळी हाब्बो सांगायच्या आधीच उठला.

पुढच्या आठवड्यात नियमसमितीचा एक ठराव आला, खाली हाब्बोची सही. पालकाला वाटलं तर त्याने आपल्या शेजारी दुसरं नाव लावावं. दोघांचं काम एकच मानावं. कारण दिलेलं नव्हतं. सीत्स्केने विचारलं, तापबीप आलाय का. पण तिने पाठिंबा दिला, मीही दिला, आणि एवढ्या वादानंतर तो ठराव जवळजवळ भांडण न होता पास झाला.

दुसरं नाव लावायचं तर त्या माणसाला सभासद व्हावं लागतं, आणि त्यासाठी जुन्या सभासदाने त्याला समोर बसवून त्याचं ओळखपत्र तपासावं लागतं. ओळखीचा असो, सख्खा भाऊ असो, यात कोणाला सूट नाही. आल्मुटसाठी हाब्बो पुन्हा डिट्सुमला गेला. टेबलावर तिनेच केलेले मासे होते. त्याने ताट बाजूला सरकवलं, चष्मा लावला आणि तिचं ओळखपत्र मागितलं.

“मी म्हटलं, अरे, माझ्या हातचं जेवतोयस तू आत्ता,” आल्मुट सांगत होती. “तर म्हणाला, तरी दे. खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटो. एनो हसून हसून लाल झाले. मग विचारतो, नाव? मी म्हटलं, आल्मुट टेरवेर. दोन वर्षं मी एनो टेरवेर म्हणून लिहीत होते रे, माझं नाव तोंडातून निघायला वेळच लागला.”

“मग?” थेडाने विचारलं.

“मग त्याने चष्मा काढला. म्हणाला, हो, तूच आहेस.”